कारण माहीत असलेला सरदारच काम थांबवतो

मा. महानिदेशक,
खाण सुरक्षा महानिदेशालय, धनबाद



वणी, माजरी, घुग्घुस, बल्लारपूर, उमरेड या पट्ट्यात पाळी सुटली की बरीच तरुण मुलं अभ्यासाला बसतात. कुणी खाणीतल्या सरदारकीची परीक्षा देणार असतो, कुणी ओव्हरमनची. कुणाला आधी गॅस टेस्टिंग आणि फर्स्ट एडची सर्टिफिकेटं काढायची असतात. डिप्लोमा-डिग्रीवाले मॅनेजरच्या सेकंड क्लास, फर्स्ट क्लास सर्टिफिकेटच्या मागे असतात. मी कोळशाच्या खाणीतून ओव्हरमन म्हणून निवृत्त झालो. यातली काही मुलं संध्याकाळी माझ्याकडे येतात. शिकवणी म्हणावी असं काही नाही. ओसरीत सतरंजी टाकतो, मधे एखादा नकाशा पसरतो आणि बोलत बसतो. त्यांचा अभ्यास बघून जी काळजी वाटते तीच या पत्रात मांडली आहे. पत्र उघडपणे लिहितो आहे, कारण ज्यांच्या घरचं माणूस रोज खाणीत जातं त्या सगळ्यांशी या गोष्टीचा संबंध आहे.

यातल्या अनेकांच्या घरची शेती खाणीत गेली. जमिनीच्या बदल्यात नोकरी मिळाली ती जनरल मजदूर म्हणून. दहावी-बारावी झालेला, कधी बी.ए. झालेला मुलगा. बापाने कापूस पिकवला, याच्या हातात फावडं आलं. वर चढायचा रस्ता एकच दिसतो, तो म्हणजे आपल्या परीक्षा मंडळाचं सर्टिफिकेट. सरदार झालं की पगार वाढतो, मान वाढतो, लग्नाची बोलणी सोपी होतात. म्हणून ही मुलं जीव तोडून अभ्यास करतात. रात्रपाळी करून आलेला मुलगा चार तास झोपून पुन्हा पुस्तक उघडतो, हे मी रोज बघतो. मेहनतीत कुठेही कसर नाही. मला खुपतं ते त्यांच्यासमोर जे ठेवलं गेलं आहे ते.

समोर असतात मोबाइलमधले प्रश्नसंच. मागच्या परीक्षांचे प्रश्न, चार पर्याय, बरोबर उत्तरावर हिरवी खूण. परीक्षा संगणकावर होते, पर्याय निवडायचे असतात, तेव्हा तयारीही त्याच वळणाने जाते. कोचिंगवाले नियमांतले आकडे वेगळे काढून तक्ते छापतात. 6 घनमीटर, 2.5 घनमीटर, 19 टक्के, 0.5 टक्के, 1.25 टक्के, 33.5 अंश, 60 मीटर, 1.5 मीटर. मुलं हे तक्ते भिंतीला चिकटवतात आणि पाढ्यांसारखे पाठ करतात. विचाराल ते बिनचूक सांगतात.

एकदा मी एका मुलाला विचारलं, पाणी भरलेल्या जुन्या कामाच्या किती जवळ गेलं की परवानगीशिवाय पुढे जाता येत नाही? क्षणात उत्तर आलं, "60 मीटर." म्हटलं, 60 का? 20 का नाही? जमिनीखालचा दगड-कोळसा इतका मजबूत, 20 मीटर जाडीची भिंत काय पाण्याने फुटणार आहे? तो गप्प झाला. मग म्हणाला, "पुस्तकात तेवढंच देलं हाये, काकाजी."

खरंच तेवढंच दिलेलं असतं. त्याचा काही दोष नाही. मी मग वहीच्या मागच्या पानावर चासनाला काढून दाखवलं. 27 डिसेंबर 1975. आपल्या धनबादजवळचीच खाण. वरच्या बाजूच्या जुन्या, सोडून दिलेल्या कामात पाणी साठलेलं होतं. खाली चालू काम. मधला आडोसा तुटला आणि ते सगळं पाणी खालच्या माणसांवर आलं. 375 कामगार गेले. 'काला पत्थर' हा सिनेमा त्याच घटनेवरून सुचलेला. मुलांनी तो टीव्हीवर पाहिलेला असतो, पण अभ्यासातले 60 मीटर आणि त्या सिनेमातलं पाणी यांचा काही संबंध आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

मग बागडिगी खाणीची गोष्ट सांगितली. 2 फेब्रुवारी 2001. शेजारच्या जयरामपूर कोलियरीच्या जुन्या कामातलं पाणी शिरलं आणि 29 जण गेले. इथे खरा मुद्दा येतो, आणि तो कुठल्याही प्रश्नसंचात नसतो. नकाशावर दिसणारी भिंत आणि जमिनीखाली खरोखर शिल्लक असलेली भिंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या काळी सर्व्हे साखळीने झालेले. खाण बंद करताना शेवटच्या काही महिन्यांत कोळशाचे जे पिलर ओरबाडले गेले त्यांचं मोजमाप झालं की नाही, कुणी सांगावं? नकाशा हस्तांतरित होताना, पुन्हा काढताना, मालकी बदलताना चूक शिरते. म्हणजे 60 मीटरचा नियम भिंत किती मजबूत आहे एवढ्यापुरता नाही. आपल्याला जे माहीत आहे असं वाटतं ते चुकीचं असू शकतं, यासाठी सोडलेली ती जागा आहे. म्हणूनच पुढे जाताना आधी लांब भोकं मारून चाचपत जायचं असतं. हे समजलं की तो मुलगा आयुष्यात 60 विसरणार नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की, फेसवरच्या, म्हणजे कोळसा काढायच्या तोंडावरच्या, कोळशातून अचानक पाणी झिरपायला लागलं आणि नकाशा म्हणाला की जवळपास काही नाही, तर तो नकाशावर विसंबणार नाही.

महोदय, माझं सगळं म्हणणं या एका प्रसंगात आहे.

सरदाराचं सर्टिफिकेट म्हणजे काय? दहावी झालेल्या माणसाला कायद्याने दिलेला काम थांबवण्याचा अधिकार. पाळी सुरू होण्याआधीच्या दोन तासांत त्याने आपला विभाग फिरून बघायचा. छत ठोकून बघायचं, गॅस तपासायचा, हवा येते की नाही बघायचं. धोका दिसला तर माणसं बाहेर काढायची, जागा कुंपण घालून बंद करायची आणि रजिस्टरमध्ये आपल्या सहीने तसं लिहायचं. वर मॅनेजर असतो, एजंट असतो, कंपनीचं उद्दिष्ट असतं, आणि मार्च महिन्यात त्या उद्दिष्टाचा दाब किती असतो हे आपल्याला मी सांगायला नको. त्या दाबासमोर उभं राहून "आज या गॅलरीत माणूस जाणार नाही" असं म्हणायचं काम आपण या मुलावर सोपवतो.

अशा वेळी पाठ केलेला आकडा उपयोगी पडत नाही. मिथेनच्या मीटरवर 1.3 टक्के दिसलं आणि साहेब म्हणाले, "अरे, थोडंसंच तर जास्त आहे, दोन टब भरून घ्या," तर ज्याला फक्त 1.25 टक्क्यांची मर्यादा हा आकडा माहीत आहे तो डळमळतो. त्यालाही वाटतं, खरंच की, थोडंसंच तर आहे. ज्याला 1.25 मागचं कारण माहीत आहे तो डळमळत नाही.

ते कारण अवघड नाही. हवेत मिथेन साधारण 5 ते 15 टक्के असला की स्फोट होऊ शकतो. मुलं हे पाठ करतात, आणि तिथेच त्यांच्या डोक्यात एक घातक हिशोब बसतो की 1.25 पासून 5 पर्यंत बरीच जागा आहे. ती जागा नाही. मिथेन हवेपेक्षा बराच हलका असतो, तो छताला थर धरून बसतो. छतात खड्डा पडलेला असेल तर त्यात दडून राहतो. सरदार एका क्षणी एका जागी मोजतो, गॅलरी मात्र लांब असते. कुणीतरी हवेचं दार उघडं ठेवून गेला, पंखा बंद पडला, हवेचा दाब उतरला आणि बंद केलेल्या गोफमधून, म्हणजे कोळसा काढून झालेल्या पोकळीतून, गॅस बाहेर ओढला गेला, तर जिथे 1.25 मोजलं होतं तिथेच थोड्या वेळाने किती असेल याचा भरवसा नाही. त्यात मिथेन नुसता पेटून थांबत नाही. त्याच्या धक्क्याने जमिनीवरची आणि बाजूंवरची कोळशाची भुकटी हवेत उडते आणि मग ती पेटते. 28 मे 1965 ला धोरी खाणीतल्या स्फोटात 268 माणसं गेली. गॅलरीत दगडाची भुकटी टाकायची, न पेटणारा भाग 75 टक्के ठेवायचा, कोळशात उडून जाणारा अंश 30 टक्क्यांहून जास्त असेल तर 85 टक्के ठेवायचा, हा नियम परीक्षेत हमखास येतो. पण दगडाची भुकटी कोळशाच्या भुकटीबरोबरच उडते, ज्वाळेची उष्णता शोषते आणि तिला पुढे सरकू देत नाही, ही गोष्ट समजून घेतलेला मुलगा मला क्वचित भेटतो. ज्याला ती समजली तो भुकटी टाकायचं काम "उद्या करू" म्हणून ढकलत नाही.

गॅस टेस्टिंगच्या परीक्षेबद्दल मला आपलं मनापासून कौतुक करायचं आहे, कारण तिथे अजून माणसाचे डोळे आणि हात तपासले जातात. हातात सेफ्टी लॅम्प घेऊन वात खाली करायची, ज्योतीचं पिवळं टोक जवळजवळ नाहीसं होईपर्यंत. मग दिवा सावकाश छताकडे न्यायचा. गॅस असला तर ज्योतीवर फिकट निळसर टोपी चढते. पहिल्यांदा ती दिसतच नाही. डोळे अंधाराला सरावावे लागतात, आपलाच श्वास काचेवर आला तरी घोटाळा होतो. गॅस वाढला की टोपी उंच होते. ज्योत मलूल होऊन विझायला लागली तर प्राणवायू कमी आहे, म्हणजे तिथून निघायचं. आणि दिव्याच्या आत ज्योत उसळून जाळीत भरली तर दचकून दिवा खाली ओढायचा नाही, झटका द्यायचा नाही, स्थिर हाताने सावकाश खाली आणायचा. झटक्याने ज्वाळा जाळीबाहेर पडू शकते. हात स्थिर ठेवणं कुठल्याही ॲपवर शिकता येत नाही. दिवा 1815 साली हम्फ्री डेव्हीने शोधला, आता मिथेनोमीटर आले आहेत, म्हणून दिवा जुना झाला असं मुलं म्हणतात. मी त्यांना सांगतो की मीटर आकडा दाखवतो आणि दिव्यावर आपण गॅस शिकतो. हा भाग परीक्षेतून कधी काढू नये, अशी विनंती जाता जाता करून ठेवतो.

आता मूळ विनंतीकडे येतो. सरदार, ओव्हरमन आणि मॅनेजरच्या परीक्षांसाठी मंडळाने स्वतःच एक अभ्यासग्रंथ तयार करावा, आणि तो दुर्घटनांचा असावा. आपल्याकडे त्यासाठीचं साहित्य आहे. गंभीर अपघाताची चौकशी होते, मोठा असेल तर खाण कायद्याच्या कलम 24 खाली चौकशी न्यायालय बसायचं. चासनालासाठी तर निवृत्त मुख्य न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली न्यायालय बसलं होतं. त्या कागदांत जे ज्ञान आहे ते फार मोठी किंमत मोजून मिळालेलं आहे. पण ते कायद्याच्या इंग्रजीत आहे, वकिलांच्या युक्तिवादात अडकलेलं आहे. कोळसा भरून आलेल्या मुलाला ते वाचता येणार नाही आणि वाचायला सांगणंही बरोबर नाही. त्यातली पंधरा-वीस प्रकरणं निवडावीत. प्रत्येकाची आठ-दहा पानं असावीत. आधी खाणीचा साधा नकाशा, मग त्या दिवशी पाळीत काय काय घडलं, आधीच्या दिवसांत कोणत्या खुणा दिसल्या होत्या, कुणी काय बघायला हवं होतं, कोणता नियम मोडला, आणि या घटनेनंतर कोणता नियम आला किंवा कडक झाला. एवढंच.

आमच्या भागाचं एक प्रकरण त्यात असावं, असा माझा आग्रह आहे. 10 डिसेंबर 1954 ला छिंदवाड्याकडच्या परासियाजवळ न्यूटन चिखली खाणीत पाणी शिरून 63 माणसं गेली. तेव्हा तो भाग आणि आमचा विदर्भ एकाच मध्य प्रदेश राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. आजही पेंच-कन्हानच्या खाणी नागपूरहूनच चालतात, इथली माणसं तिथे बदलून जातात. तरीही माझ्याकडे येणाऱ्या एकाही मुलाने हे नाव ऐकलेलं नव्हतं. आपल्याच पट्ट्यातलं इतकं मोठं दुःख परीक्षार्थींना ठाऊक नसावं, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि वाचलेल्यांचीही एक गोष्ट हवी. नोव्हेंबर 1989 मध्ये राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरलं, 71 जण अडकले. सहा गेले. उरलेल्या 65 जणांना जमिनीवरून भोक पाडून, पोलादी कॅप्सूल खाली सोडून एकेक करून वर काढलं. खाण अभियंते जसवंतसिंग गिल स्वतः त्या कॅप्सूलमधून खाली उतरले होते. त्यांच्या धाडसाबद्दल सगळे बोलतात आणि बोलायलाच हवं. मी मुलांना दुसरंही दाखवतो. भोक कुठे पाडायचं हे ठरवायला खालचं कुठलं ठिकाण उंच आहे, माणसं कुठे जमा झाली असतील, हे नकाशावरून नेमकं काढता यावं लागलं. सर्व्हेचा पेपर कंटाळवाणा वाटतो ना? त्या पेपरातल्या अचूकपणावर 65 माणसं वर आली.

आमच्याकडे आता भूमिगत खाणी कमी आणि ओपनकास्ट जास्त. चंद्रपूर-वणीच्या रस्त्याने कुणीही गेलं तरी ओबीचे, म्हणजे कोळशावरून काढलेल्या माती-दगडाचे, डोंगर दिसतात. त्यामुळे 29 डिसेंबर 2016 ची झारखंडमधल्या राजमहल खाणीतली दुर्घटना या ग्रंथात सगळ्यात ठळक असावी. ढासळलेल्या ढिगाऱ्याखाली 23 जण गेले. ओपनकास्टच्या मुलांना बेंचची, म्हणजे खाणीच्या पायऱ्यांची, उंची-रुंदी पाठ असते. पण बेंचवर केसाएवढी भेग पडली, काल होती त्यापेक्षा आज रुंद झाली, ढिगाऱ्याचा पायथा बाहेर फुगला, पावसानंतर पायथ्याशी गढूळ पाणी यायला लागलं, तर त्या खुणा काय सांगतात, हे त्यांना शिकवणारं पान कुठे आहे? वर्धा, इरई, पैनगंगा या नद्यांच्या काठाने आमच्या खाणी आहेत. पावसाळ्यात बांधावर उभं राहून पाणी कुठवर चढलं ते बघायची पाळी सरदारावरच येते. खाणीचं तोंड सर्वांत मोठ्या पुराच्या रेषेपेक्षा किमान दीड मीटर वर असावं, हा नियम त्याला येतो. 1995 च्या सप्टेंबरमध्ये एका पावसाळी रात्री कतरी नदीचं पाणी गॅसलीटांड खाणीत घुसून 64 जण गेले, हे त्याला माहीत नसतं. दोन्ही एकत्र शिकवलं तर तो इरईच्या बांधावर वेगळ्या नजरेने उभा राहील.

दुसरी विनंती प्रश्नांबद्दल. संगणकावरची परीक्षा मला नकोशी नाही. तिने वशिल्याला जागा कमी केली आणि दूरच्या मुलांची सोय झाली. पर्यायी प्रश्नांतूनही कारण विचारता येतं. "किती मीटर?" असं विचारण्याऐवजी छोटा नकाशा द्यावा, त्यात चालू काम, जुनं काम, भोकाची दिशा दाखवावी आणि विचारावं की पुढची पाळी सुरू करण्याआधी सरदाराने काय करावं. विजेने उडवलेल्या सुरुंगांतला एक उडाला नाही, तर तिथे लगेच का जायचं नाही, हे विचारावं. फक्त किती मिनिटं थांबायचं हे विचारून थांबू नये. पाठांतराला मी नावं ठेवत नाही, आकडे जिभेवर हवेतच. पण प्रश्नपत्रिका आकड्यांवरच संपली तर तयारीही तिथेच संपते. मुलं जे विचारलं जातं त्याचाच अभ्यास करतात, त्यांना दुसरं काही परवडत नाही. आणि परीक्षेनंतर उत्तरांचा तक्ता देताना प्रत्येक उत्तराखाली दोन ओळी कारणाच्या द्याव्यात. पुढच्या वर्षीच्या मुलांना तेच सर्वांत चांगलं पुस्तक होईल.

तोंडी परीक्षेत, म्हणजे ओरलमध्ये, अनुभवी परीक्षक हे करतातच. "तू फेसवर आहेस, छतातून बारीक खडे पडायला लागले, काय करशील?" असा एक प्रश्न शंभर पर्यायी प्रश्नांपेक्षा जास्त सांगून जातो. पण तिथे भाषा आडवी येते. खाणीत हिंदी-मराठी मिसळून बोलणारा मुलगा ओरलच्या खोलीत अडखळत इंग्रजी शब्द शोधायला लागतो, आणि त्याला जे येतं तेही बाहेर पडत नाही. छत ठोकल्यावर भरीव आवाज आला की पोकळ, हे त्याच्या कानाला बरोबर कळतं. ते तो मराठीत सांगेल, गोंडीमिश्रित मराठीत सांगेल. ऐकणाऱ्याने तेवढ्यावर समजून घ्यावं, तसं परीक्षकांना लेखी सांगितलेलं असावं. ज्या मजुरांवर हा सरदार देखरेख करणार आहे ते याच भाषेत बोलतात. संकटात तो ओरडणारही याच भाषेत.

म्हणूनच वर म्हटलेला ग्रंथ हिंदीबरोबर मराठीतही निघावा. महाराष्ट्रात हे अशक्य नाही. डिप्लोमाच्या कितीतरी पिढ्यांनी देशभर ज्या पुस्तकावर अभ्यास केला ते 'एलिमेंट्स ऑफ मायनिंग टेक्नॉलॉजी' नागपूरच्या डी. जे. देशमुखांचं. लेखक आपल्यातला, पुस्तक नागपुरात छापलेलं. त्या तोडीचं काही मराठीत मात्र माझ्या पाहण्यात नाही. भंडारा-नागपूरकडच्या मँगनीज खाणींतले मेट आणि फोरमन, गडचिरोलीत सुरजागडला लोहखनिजाच्या कामावर आता लागणारी आदिवासी मुलं, गोव्यातली मराठी-कोंकणी बोलणारी खाणमाणसं, या सगळ्यांना ते उपयोगी पडेल. धातूच्या खाणींचे नियम वेगळे, 1961 चे, तिथे मिथेनची भीती सहसा नसते. पण छत, सुरुंग, डंपर आणि पाणी सगळीकडे सारखंच मारतं.

आणखी एक गोष्ट. जानेवारी 2019 च्या आदेशाने मुलींना भूमिगत खाणीत तांत्रिक आणि देखरेखीच्या कामाची वाट मोकळी झाली. आमच्याकडच्या पॉलिटेक्निकमध्ये आता खाणशाखेत मुली दिसतात. त्यांना मुलांइतके खाणीतले ओळखीचे काका-मामा नसतात. पाळी संपल्यावर टपरीवर जे ज्ञान मुलांना फुकट मिळतं ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही. लिखित, अधिकृत अभ्याससाहित्याची सर्वांत जास्त गरज त्यांना आहे.

कायद्याची चौकट सध्या बदलते आहे. कोळसा खाणींचे नियम 2017 साली नव्याने आले, 1952 चा खाण कायदा ज्या संहितेत सामावला ती संसदेने 2020 साली मंजूर केली. नियम, पोटनियम, अभ्यासक्रम पुन्हा लिहिले जाण्याचाच हा काळ आहे. आत्ता हे झालं नाही तर पुढची संधी लवकर येणार नाही, असं मला वाटतं. सुरुवात छोटी चालेल. पुढच्या परीक्षेची सूचना निघेल तेव्हा तिच्यासोबत फक्त दोन प्रकरणं जोडावीत, एक चासनाला आणि एक राजमहल, आणि जाहीर करावं की लेखी परीक्षेत किमान काही प्रश्न यावर येतील. एवढं केलंत तरी त्या महिन्यापासून विदर्भातल्या, झारखंडातल्या, बंगालमधल्या, छत्तीसगडमधल्या हजारो मुलांचा अभ्यास बदलेल. कोचिंगवालेही तेच शिकवायला लागतील, कारण ते परीक्षेच्या मागून चालतात.

मराठी रूपांतरासाठी माणसं लागतील. चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर जिल्ह्यांत निवृत्त ओव्हरमन, सर्व्हेअर, मॅनेजर पुष्कळ आहेत. अनेकांशी मी बोललो आहे. कच्चा मजकूर आपल्या कार्यालयाकडून आला तर त्याचं मराठी करणं, नकाशे सोपे करून काढणं आणि दर प्रकरण दोन-चार मुलांना वाचायला देऊन त्यांना कळतंय का ते तपासणं, हे काम आम्ही मानधनाशिवाय करू. तपासणी आणि मान्यता अर्थातच मंडळाची. आपल्या नागपूरच्या कार्यालयात बैठक ठेवलीत तर आम्ही स्वखर्चाने येऊ. येत्या पावसाळ्याआधी ती व्हावी, एवढी विनंती आहे.

आपला नम्र,
वणी परिसरातला एक निवृत्त ओव्हरमन